सात पुस्तकं, आठ लेखक आणि दोष कुणाच्या माथी?

अमेरिकेतल्या स्कॉलस्टिक प्रकाशनाची 'स्पिरिट ॲनिमल्स' ही मुलांसाठीची फँटसी मालिका सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये तिचं पहिलं पर्व संपलं. पुस्तकं सात. लेखक आठ, कारण तिसरं पुस्तक दोघांनी मिळून लिहिलंय. कथा मात्र एकच आणि सलग. तिसरं पुस्तक हातात घ्यायचं तर आधीची दोन वाचलेली हवीत. पात्रं तीच, पण त्यांना बोलतं करणारा माणूस दर वेळी निराळा.

अशा मालिकेवर वाचक बोलायला लागले की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "पहिल्यानं छान मांडून दिलं होतं, पुढच्यांनी वाट लावली." किंवा नेमकं उलट: "पहिलं कसंबसं संपवलं, खरी मजा दुसऱ्यापासून." दोन्हींतली तक्रार बहुधा खरी असते. चुकतं ते बोट दाखवण्यात. कादंबरी म्हणजे एका डोक्यातून निघालेली गोष्ट, ही आपली सवय इतकी पक्की आहे की पुस्तकात जे बिघडलं ते मुखपृष्ठावरच्या नावानंच बिघडवलं असं आपण धरून चालतो. एकानं जिथे सोडलं तिथून दुसऱ्यानं कथा पुढे न्यायची, अशा रिले पद्धतीनं लिहिलेल्या मालिकेत हे खरं असेलच असं नाही. कुठली गोष्ट कोण ठरवतं हे एकदा कळलं की मालिकेबद्दलचं आपलं मत बदलेलच असं नाही, पण ते योग्य पत्त्यावर तरी पोचेल.

आधी गोष्ट थोडक्यात, फार काही न फोडता. एर्डास नावाच्या जगात मूल अकरा वर्षांचं झालं की एका विधीत त्याला 'नेक्टर' नावाचं पेय पाजतात. बहुतेकांना काही होत नाही. मोजक्यांसमोर एक प्राणी प्रकट होतो आणि जन्माचा सोबती बनतो. गरज नसेल तेव्हा तो त्या मुलाच्या अंगावर गोंदणासारखी खूण होऊन राहतो. चार वेगवेगळ्या ठिकाणच्या चार मुलांच्या वाट्याला मात्र जुन्या युद्धात मरण पावलेले चार महापशूच परत येतात: मेंढपाळाच्या घरातल्या कॉनरला लांडगा, तिरंदाजीत तरबेज असलेल्या अबेकेला बिबट्या, सेनापतीची मुलगी मेलिन हिला पांडा आणि रस्त्यावर वाढलेल्या अनाथ रोलानला ससाणा. जुना शत्रू पुन्हा डोकं वर काढतो आहे. बाकीच्या महापशूंकडे एकेक ताईत आहे आणि तो शत्रूच्या आधी मिळवायचा आहे.

पहिलं पुस्तक, 'वाइल्ड बॉर्न', ब्रँडन मलचं. संपूर्ण पर्वाचा कथाआराखडाही त्याचाच. त्याच्यानंतर क्रमानं मॅगी स्टीव्हॉटर, गार्थ निक्स आणि शॉन विल्यम्स ही जोडी, शॅनन हेल, टुई सदरलँड, एलियट श्रेफर आणि शेवटी मरी लू. यांतलं कुणीही नवखं नाही. प्रत्येकाचा स्वतःचा वाचकवर्ग आधीपासून होता, आणि मालिकेच्या मूल्यमापनात पुढे जो गोंधळ होतो त्यातला बराचसा इथून सुरू होतो.

अनेक हातांनी एक मालिका लिहिणं तसं जुनंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड स्ट्रेटमायर या अमेरिकी माणसानं त्याचा कारखानाच काढला होता. १९२७ मध्ये त्याच्याकडून 'हार्डी बॉइज' आली, १९३० मध्ये 'नॅन्सी ड्र्यू'. दोन्ही रहस्यकथा, फँटसी नव्हेत, पण पद्धत आजही तीच आहे. फ्रँकलिन डिक्सन आणि कॅरोलिन कीन ही मुखपृष्ठावरची नावं कुणाचीच नव्हती. कथेचा आराखडा कंपनीकडून यायचा, लेखक तो भरून द्यायचा आणि एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडायचा. नॅन्सीची सुरुवातीची बहुतेक पुस्तकं मिल्ड्रेड वर्ट हिनं लिहिली, पहिल्या पुस्तकांना प्रत्येकी १२५ डॉलर घेऊन. ती किती खपली हे पाहता हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा होता ते सांगायला नको.

फँटसीत याच वळणाची प्रसिद्ध मालिका म्हणजे रानमांजरांच्या टोळ्यांची 'वॉरियर्स', २००३ पासूनची. लेखिका म्हणून नाव एरिन हंटर. प्रत्यक्षात व्हिक्टोरिया होम्स कथा आखायची आणि केट केरी, चेरिथ बाल्ड्री वगैरे लेखिका ती लिहायच्या. वर आलेली टुई सदरलँडही या एरिन हंटर गटातलीच. म्हणजे एकाच लेखिकेनं नाव झाकूनही असं काम केलं आणि नाव छापूनही.

हा झाला टोपणनावाचा प्रकार. दुसरा प्रकार सामायिक जगाचा. रॉबर्ट ॲस्प्रिननं १९७९ मध्ये संपादित केलेल्या 'थीव्ज वर्ल्ड'मध्ये शहर एकच होतं आणि त्यात प्रत्येक लेखक आपापली कथा घडवायचा. दुसऱ्याची पात्रं वापरायची मुभा होती, त्यांना परस्पर मारून टाकायची नव्हती. १९८४ ची 'ड्रॅगनलान्स' एका खेळाच्या जगातून निघाली आणि पुढे निरनिराळ्या लेखकांनी त्या जगात शंभरावर कादंबऱ्या लिहिल्या. इथे वाचकाला मोठी सोय आहे: एखादं पुस्तक नाही आवडलं तर ते सोडून पुढचं उचलायचं. तिसरा प्रकार नाइलाजाचा, मूळ लेखक गेल्यावर दुसऱ्यानं पूर्ण करण्याचा. त्याचं उदाहरण पुढे येईल.

चौथा हा रिलेचा. त्याचा साचा स्कॉलस्टिकनंच २००८ च्या 'द थर्टी नाइन क्लूज'मध्ये घडवला होता. रिक रायर्डननं दहा पुस्तकांची आखणी केली, पहिलं लिहिलं आणि बाकीची इतरांनी. या प्रकारात लेखकांची नावं उघड छापलेली असतात, कथा सलग असते, आणि म्हणून मधलं एक पुस्तक फसलं तर ते ओलांडून जायची वाट नसते. वाचक रिलेवर सगळ्यांत जास्त चिडतात त्याचं मला वाटतं हेच कारण आहे. टोपणनावाच्या मालिकेत हात बदलल्याचं आपल्याला कळतच नाही. इथे ते मुखपृष्ठावरच ओरडून सांगितलेलं असतं, आणि मग आपण सांधा शोधतच वाचतो.

आता आतली व्यवस्था. रिले मालिकेत तीन गोष्टी तीन ठिकाणी ठरतात. काय घडणार हे आराखड्यात. ते कसं सांगितलं जाणार हे लेखकाच्या हातात. आणि आधी घडलेल्याशी ते जुळतंय का, हे संपादकाच्या टेबलावर. संपादकाकडे जगाचे नियम, नकाशे, पात्रांची माहिती आणि कुणाला काय ठाऊक आहे याची नोंद असलेली एक संहिता असते. इंग्रजी प्रकाशन व्यवसायात तिला मालिकेचं 'बायबल' म्हणतात. लेखकाला ती मिळते, पण तिच्यात हवं तसं खाडाखोड करायचा अधिकार त्याला सहसा नसतो. हे ध्यानात ठेवून नेहमीच्या तक्रारी एकेक करून पाहू.

'कथा आधीच कळते' ही पहिली. 'स्पिरिट ॲनिमल्स'च्या बाबतीत ती रास्तच आहे. पहिल्या पुस्तकात मेंढ्याचा ताईत, दुसऱ्यात रानडुकराचा, तिसऱ्यात हत्तीचा, चौथ्यात ध्रुवीय अस्वलाचा, पाचव्यात ऑक्टोपसचा, सहाव्यात सिंहाचा. तिसऱ्या पुस्तकापर्यंत चाणाक्ष मुलाला पॅटर्न कळलेला असतो: नवा प्रदेश, नवा महापशू, झटापट, ताईत मिळाला किंवा निसटला. हा दोष आराखड्याचा आहे. शॅनन हेल अस्वलाऐवजी दुसरंच काही शोधायला मुलांना पाठवू शकत नव्हती. पण आराखड्याची बाजूही ऐकायला हवी. आठ लेखकांत काम वाटायचं तर ते सारख्या, स्वतंत्रपणे उचलता येतील अशा तुकड्यांत कापणं भाग असतं. एक पुस्तक, एक ताईत ही कापणी कल्पक नाही, पण ती टिकते.

दुसरी तक्रार तपशिलांच्या विसंगतीची. एका पुस्तकात अमुक पात्राला माहीत असलेली गोष्ट पुढच्यात त्याला नव्यानं कळते, कुणाच्या डोळ्यांचा रंग बदलतो. 'वॉरियर्स'च्या चाहत्यांनी मांजरांच्या अंगाच्या आणि डोळ्यांच्या बदलत्या रंगांचा छंदच लावून घेतला आहे. त्या मालिकेत मांजरंच शेकड्यांनी आहेत म्हणा. हे संपादकाचं खातं. पण वेळापत्रकही पाहा: 'स्पिरिट ॲनिमल्स'ची सात पुस्तकं दीड वर्षाच्या आसपास बाजारात आली. एवढ्या घाईत एकानं संपवावं आणि मग दुसऱ्यानं सुरू करावं हे जमणारं नाही. कामं एकमेकांवर चढतात, आणि मागच्या पुस्तकातलं शेवटच्या क्षणी बदललेलं वाक्य पुढच्या लेखकापर्यंत पोचेलच याची खात्री राहत नाही. तरीही वाचकानं ही चूक माफ करावी असं माझं म्हणणं नाही. वेळापत्रकही प्रकाशकानंच आखलेलं असतं.

तिसरी तक्रार सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती खरोखर लेखकाच्या माथी जाते: आवाज बदलला. कथेतली उडी वाचक सोसतो, पण ओळखीचं पात्र अनोळखी बोलायला लागलं की त्याचा विश्वासच उडतो. या मालिकेत कथन तृतीयपुरुषी आहे, पण कॅमेरा आलटूनपालटून चारही मुलांच्या खांद्यावर बसतो. त्यामुळे प्रत्येक लेखकाला एक नाही, चार आवाज सांभाळावे लागतात. त्यांतला रोलान सगळ्यांत अवघड. तो तिरकस बोलतो, आणि विनोद ही उसनी घ्यायला सगळ्यांत कठीण गोष्ट. मेलिनचा ताठा किंवा कॉनरची भीड वर्णनातून दाखवता येते. रोलानला मात्र दर पानावर खरोखर चटपटीत बोलावं लागतं, तेही आधीच्या लेखकाच्या जातीचं.

हे किती अवघड आहे याचा उत्तम दाखला 'द व्हील ऑफ टाइम'मध्ये मिळतो. रॉबर्ट जॉर्डननं १९९० मध्ये सुरू केलेली ही अवाढव्य मालिका २००७ मध्ये त्याच्या निधनानं अर्धवट राहिली. त्याची पत्नी हॅरिएट मॅकडूगल हीच त्याची संपादक. तिनं ब्रँडन सँडरसनची निवड केली आणि त्यानं जॉर्डनच्या टिपणांवरून, त्यानं लिहून ठेवलेल्या प्रसंगांवरून २००९, २०१० आणि २०१३ मध्ये तीन खंड लिहून चौदा खंडांची कथा पुरी केली. जॉर्डनच्या शैलीची नक्कल करणार नाही हे सँडरसननं आधीच सांगितलं होतं, आणि वाचकांनी ते एकंदरीत स्वीकारलं. युद्धं, वेग, अनेक धागे एकत्र आणणं, सगळ्याचं कौतुक झालं. अडलं ते मॅट या पात्रापाशी. मॅट हा जुगारी, मिश्कील, स्वतःला शहाणा समजणारा. त्याचा विनोद त्याला कळत नाही, वाचकाला कळतो. २००९ च्या खंडात तो मुद्दाम विनोद करायला लागला, आणि चाहत्यांच्या ते लगेच लक्षात आलं. सँडरसननंही पुढे कबूल केलं की सुरुवातीला त्याला मॅट पकडता आला नव्हता. टिपणं होती, संपादक मूळ लेखकाची सहचारिणी होती, लिहिणारा स्वतः लहानपणापासूनचा चाहता होता. तरीही एक आवाज निसटला. मग आराखडा हातात घेऊन काही महिन्यांत पुस्तक देणाऱ्यांकडून कुठल्या पातळीची अपेक्षा करायची?

त्याच मालिकेत उलटा दाखलाही आहे. तिच्यातला सर्वांत रटाळ म्हणून ओळखला जाणारा दहावा खंड २००३ चा, म्हणजे पूर्णपणे जॉर्डनचाच. तेव्हा 'मधली पुस्तकं घसरतात' याचा लेखकांच्या संख्येशी संबंध जोडण्याआधी थांबावं. लांब कथेचा मधला भाग एकाच्या हातूनही ढेपाळतो.

चौथी तक्रार मला सगळ्यांत रंजक वाटते: 'पात्रं वाढतच नाहीत.' याचं मूळ रिलेच्या रचनेतच आहे. पाचव्या पुस्तकाच्या लेखिकेला पात्रं ठरावीक अवस्थेत मिळतात आणि ठरावीक अवस्थेत सहाव्या लेखकाच्या ताब्यात द्यायची असतात. मधल्या दोनेकशे पानांत ती त्यांना रडवू शकते, भांडायला लावू शकते, प्रेमाच्या कडेपर्यंत नेऊ शकते, पण निघताना सगळं होतं तिथे ठेवावं लागतं. खोलवर बदल घडवायची परवानगी आराखडा मोजक्याच ठिकाणी देतो. दुसऱ्या पुस्तकात कॉनर घरच्यांसाठी एक निर्णय घेतो आणि त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. हा प्रसंग आराखड्यात रोवलेला आहे, म्हणून त्याचा सल पुढच्या पुस्तकातही जाणवतो. जे प्रसंग असे रोवलेले नसतात ते कितीही सुंदर लिहिले तरी पुढच्या पुस्तकात कुणाला आठवत नाहीत. मला विचाराल तर रिले मालिकेतल्या लेखकाचं कसब इथेच पारखावं: पात्राला हलवायची मुभा नसताना त्याच्यातलं नवं काय दाखवलं?

आता वाचकांकडे वळू, कारण मतं देणारेही एकाच जातीचे नाहीत. नऊ-दहा वर्षांचं मूल बहुतेकदा विचारतं की माझा लाडका प्राणी या पुस्तकात किती वेळ आहे. पांडा ज्या पुस्तकात नुसता बसून राहतो ते पुस्तक त्याच्या लेखी वाईट. मोठा वाचक भाषा पाहतो, जग किती खोल रचलंय ते पाहतो, आणि एर्डासमधल्या भूखंडांची नावं व संस्कृती खऱ्या पृथ्वीवरून जरा फारच सरळ उचलल्यात अशी कुरकुर करतो. मलाही ती पटते. मेलिनचा झाँग म्हणजे आपल्या पृथ्वीवरचा कोणता देश हे ओळखायला कुणालाच कष्ट पडत नाहीत. आणि तिसरा गट त्या-त्या लेखकाच्या चाहत्यांचा. मॅगी स्टीव्हॉटरच्या किशोर कादंबऱ्यांवर प्रेम करणारा वाचक फक्त दुसरं पुस्तक उचलतो, तिची नेहमीची काव्यमय गद्यशैली शोधतो, ती न सापडल्यानं दोन तारे देऊन निघून जातो. त्याचं मत पुस्तकाबद्दल आहे की स्वतःच्या अपेक्षेबद्दल, हे ताऱ्यांवरून कळत नाही.

ताऱ्यांच्या सरासरीत आणखी एक चकवा आहे. आकडे मनानं धरून पाहू. पहिलं पुस्तक १०० जणांनी वाचलं. ५० जणांना फार आवडलं, त्यांनी ५ तारे दिले. ३० जणांनी ३ दिले, २० जणांनी १. सरासरी ३.६. दुसरं पुस्तक समजा थोडं कमकुवत आहे. ते वाचायला कोण येणार? आवडलेले ५० आणि बरं वाटलेल्यांतले १० जण. त्या ५० जणांनी या वेळी ४ तारे दिले, १० जणांनी पुन्हा ३ च. सरासरी आली ३.८. एकाही वाचकानं दुसऱ्या पुस्तकाला पहिल्यापेक्षा जास्त तारे दिलेले नाहीत, बहुतेकांनी कमीच दिले, तरी सरासरी वर गेली. कारण न आवडलेले आधीच गळाले. म्हणून सातव्या पुस्तकाचे तारे पहिल्यापेक्षा जास्त दिसले तर 'मालिका चढत गेली' असा अर्थ लगेच काढू नये. उलट, टिकून राहिलेल्या चाहत्यांमध्येही एखाद्या पुस्तकाची सरासरी घसरली असेल तर तिथे खरोखर काहीतरी गडबड आहे असं समजायला हरकत नाही.

राहता राहिला व्यापाराचा आक्षेप. या मालिकेला जोडून ऑनलाइन खेळ होता आणि पुस्तकं वाचून त्यात काही मिळवता यायचं. त्यामुळे ही मुळात वस्तू विकायची योजना, साहित्य नव्हे, असं काहींचं मत. ताईत गोळा करण्याची रचना खेळाला सोयीची आहे हे उघडच दिसतं. पण त्यावरून चौथ्या पुस्तकातलं बर्फाळ प्रदेशाचं वर्णन चांगलं की वाईट हे ठरत नाही. ते वाचूनच ठरवावं लागतं.

अशी एखादी मालिका घ्यावी की नाही हे ठरवताना लोक पहिल्या पुस्तकाचे अभिप्राय चाळतात, आणि माझ्या मते तेच पुस्तक मालिकेची सर्वांत कमी ओळख करून देतं. ते आराखडा करणाऱ्यानं स्वतः लिहिलेलं असतं, आणि त्याला चार मुलं, चार प्राणी, चार प्रदेश आणि एक जुनं युद्ध असं सगळं एकट्यानं मांडून द्यावं लागतं. त्यापेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकाचे अभिप्राय पाहावेत, तेही दोन तारे आणि चार तारे देणाऱ्यांचे. त्यात लोक कथेवर नाराज आहेत की एखाद्या पात्राच्या बोलण्यावर, हे शोधावं. नाराजी कथेवर असेल तर ती सातव्या पुस्तकापर्यंत पुरणार, कारण आराखडा बदलत नाही. पात्राच्या बोलण्यावर असेल तर पुढच्या पुस्तकाला लेखक दुसरा आहे.